सोया-गुळातले खिम्याचे गोळे आणि इंद्रायणी भात : कामावरून आल्यावर तासाभरात

चिकनच्या खिम्याचे मऊ गोळे, त्यांवर सोया सॉस आणि गुळाचा चकचकीत थर, खाली वाफाळता इंद्रायणी भात आणि बाजूला व्हिनेगरमध्ये मुरलेली काकडी. ताटात एवढंच. भाकरी थापायची नाही, वाटण वाटायचं नाही, रस्सा उकळत बसायचं नाही. साडेसहाला घरी आलेला माणूस साडेसातला चौघांची पानं वाढू शकतो, फक्त कामांचा क्रम पाळायला हवा. तो उलटसुलट झाला की भात गार, गोळे कडक आणि सॉस पाणीदार, असं तिन्हीकडून बिनसतं.

चवीचा अंदाज यावा म्हणून आधी याचे नातेवाईक सांगते. जपानमध्ये कोंबडीच्या खिम्याचे ‘त्सुकुने’ काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात आणि वरून गोडसर सोया सॉसचा हात देतात. चीनमध्ये यांगझोऊकडे डुकराच्या मांसाचे मुठीएवढे गोळे कोबीबरोबर मंद आचेवर निवांत शिजवतात. इंडोनेशियात ‘बाक्सो’ सूपमध्ये घालून गाड्यांवर विकतात. आपल्या ओळखीचं मंच्युरियन मात्र चीनमधून आलेलं नाही. मुंबईत नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमाराला ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. सांगलीत ते आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे : मैदा-कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळून तळलेलं, लालभडक, वर कोबीचा ढीग. आज करायचंय ते हे नव्हे. इथे तळण नाही, पिठाचं आवरण नाही आणि खायचा रंग तर अजिबात नाही. चवीला हे त्सुकुनेच्या जवळ जातं, पण आपल्या गॅसवर आणि आपल्या तव्यावर जमेल अशा बेताने.

खिमा सांगताना

चिकन सेंटरवर नुसतं ‘अर्धा किलो खिमा द्या’ म्हटलं तर बऱ्याचदा छातीच्या मांसाचा खिमा हातात पडतो. त्यात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे गोळे कोरडे होतात आणि मुलं पाण्याचा ग्लास शोधतात. मांडीचं मांस मागा : ‘दादा, लेगचं बोनलेस अर्धा किलो द्या आणि मशीनमधनं एकदाच काढा.’ एकदाच हे महत्त्वाचं. दोनदा काढलं की त्याची पेस्ट होते.

मशीन नसेल तर बोनलेस घरी आणून मिक्सरमध्ये खिमा करता येतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, ताटात पसरून वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे घेऊन मिक्सर क्षणभर फिरवा, थांबा, परत फिरवा. मांस गार असेल तर पातं ते कापतं. कोमट असेल तर चेचतं आणि चरबी वितळून भांड्याला लागते. हा मार्ग धरलात तर तासाच्या हिशोबात अर्धा तास वाढवा.

चिकन धुतल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही. धुवायचंच असेल तर तुकडे असतानाच, नळ बारीक ठेवून, पाणी इकडेतिकडे न उडवता धुवा आणि स्वच्छ फडक्याने कोरडे करा. खिमा झाल्यावर धुवायला जाऊ नका. तो पाणी धरून बसतो, मग कितीही ब्रेडचा चुरा घाला, गोळा तव्यावर पसरतोच.

मटणाच्या खिम्याचेही होतात, पण ते कामाच्या दिवसाचं प्रकरण नाही. मटण दोनदा मशीनमधून काढावं लागतं, गोळे सुपारीएवढेच ठेवावे लागतात आणि झाकण ठेवून पाऊण वाटी पाण्यात वीसेक मिनिटं तरी शिजवावे लागतात. ते रविवारी करा.

बाकीचं सामान

इथे मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा चमचा ५ मिली आणि वाटी आमटीची, साधारण १५० मिलीची. चौघांसाठी :

खिम्यात : चिकन खिमा ५०० ग्रॅम, साधे चिरमुरे दीड वाटी, पाणी ३ मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, कॉर्नफ्लॉवर १ मोठा चमचा, किसलेलं आलं १ छोटा चमचा, ठेचलेला लसूण ५-६ पाकळ्या, कांद्याच्या पातीच्या चार काड्या, मिरपूड अर्धा छोटा चमचा.

सॉससाठी : सोया सॉस २ मोठे चमचे, किसलेला गूळ २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा, पाणी पाऊण वाटी, कॉर्नफ्लॉवर दीड छोटा चमचा, आलं-लसूण मिळून १ छोटा चमचा, चिमूटभर चिली फ्लेक्स, तीळ १ मोठा चमचा.

शिवाय इंद्रायणी तांदूळ २ वाट्या, दोन काकड्या, एक गाजर आणि तेल.

यातल्या दोन-तीन जिनसांबद्दल सांगायलाच हवं. सोया सॉस घेताना बाटलीच्या मागचं वाचा. अस्सल सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून तयार होतो, त्यामुळे घटकांच्या यादीत ही दोन नावं वरच्या बाजूला दिसली पाहिजेत. पाणी, मीठ, रंग आणि ॲसिड असा क्रम दिसला तर ती बाटली परत फळीवर ठेवा; तो सॉस नुसता खारट लागतो. आपल्याच कृष्णाकाठच्या शिवारात सोयाबीन पोत्यांनी निघतं, त्याचा सॉस मात्र आपण बाहेरून बाटलीत भरलेला आणतो, ही गंमत वेगळी. घरात कुणाला गहू चालत नसेल तर हा सॉस त्यांच्यासाठी नाही, हेही लक्षात ठेवा.

परदेशी पाककृतींत ब्राऊन शुगर असते. सांगलीच्या बाजारात गूळ असताना तिच्यामागे कशाला लागायचं? गडद, थोडा चिकट गूळ घ्या, त्याला खमंगपणा जास्त. फिका पिवळाधमक गूळ नुसता गोड लागतो.

तिळाच्या तेलात मात्र फसगत होते. चिनी-कोरियन स्वयंपाकातलं तिळाचं तेल आधी भाजलेल्या तिळांचं असतं : गडद आणि वासाला उग्र, म्हणून थेंबांनी घालतात. आपल्याकडचं लाकडी घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं असतं, त्याला तो वास नाही. ते भाजायला वापरा. वासासाठी तीळ कोरडेच तांबूस भाजा, निम्मे खलबत्त्यात जाडसर कुटा आणि अगदी शेवटी घाला. काम भागतं.

अजिनोमोटो घालायचं का, हे दरवेळी कुणीतरी विचारतं. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कोम्बू सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं, ती पूड त्यातूनच आली. आंबवलेल्या सोया सॉसमध्ये ग्लुटामेट मुळातच असतं. वरून घालायची गरज पडत नाही.

आणि हळद नको. हळदीच्या पेठेत राहणाऱ्यांचा हात खिमा दिसला की आपोआप डब्याकडे जातो, पण सोया सॉसच्या तपकिरी रंगात हळद मिसळली की सगळं मळकट दिसतं आणि चवही दोन दिशांना ओढली जाते. घरची कांदा-लसूण चटणी? खिम्यात नको. ताटात कडेला घेणाऱ्यांना मी अडवत नाही.

भात आधी

घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम तांदूळ धुऊन भिजत घालायचं. या गोळ्यांना बासमतीचा मोकळा भात चालत नाही. सॉस खाली उतरतो आणि भात वरती कोरडा राहतो. हवा तो चिकट, घासाला धरून राहणारा भात. इंद्रायणी त्यासाठी उत्तम. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून ही जात निघाली. आंबेमोहोराचा वास आणि चिकटपणा तिच्यात बऱ्यापैकी उतरला आहे.

तीनदा हलक्या हाताने धुवा आणि वीस मिनिटं भिजवा. मग पाणी निथळून कुकरमध्ये थेट लावा. तांदूळ नवा असेल तर एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, जुना असेल तर दोन. रोजच्या वरण-भातापेक्षा हे पाणी थोडं कमी आहे, मुद्दाम. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या आणि गॅस बंद. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की वरची शितं फुटतात आणि तळाला गोळा होतो. कुकर उघडल्यावर कालथ्याने कडेकडेने एकदा हलवा, झाकण अर्धवट ठेवून तसाच राहू द्या. भातात मीठ घालू नका, सॉस पुरेसा खारट असतो.

खिमा मळणं

सगळा पदार्थ इथे ठरतो, म्हणून इथे घाई करू नका.

तांदूळ भिजत असताना चिरमुरे मिक्सरमधून काढा. दीड वाटीचे तीनेक चमचे होतील. त्यात तीन मोठे चमचे पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, मऊ लगदा होईल. पाश्चात्त्य पद्धतीत इथे दुधात भिजवलेला ब्रेड असतो. काम तेच : हा लगदा पाणी धरून ठेवतो आणि मांसाचे तंतू एकमेकांना घट्ट आवळण्याआधी मध्ये येऊन बसतो, म्हणून गोळा मऊ राहतो. चिरमुऱ्यांना ब्रेडसारखा गोडवा नसतो आणि सांगलीच्या घरात भडंगासाठी चिरमुरे असतातच. फक्त ते साधे असावेत. खारे असतील तर खिम्यातलं मीठ निम्मं करा.

आता एका पसरट भांड्यात आधी फक्त खिमा आणि मीठ घ्या. बाकी काही नाही. पाचही बोटं पसरून एकाच दिशेने मिनिटभर फिरवा. सुरुवातीला खिमा सुटा असतो, बोटांतून निसटतो. मग मीठ मांसातली प्रथिनं सोडवायला लागतं आणि खिमा हळूहळू बदलतो : रंग फिकट होतो, भांड्याच्या कडेला पांढरट चिकट तारा धरू लागतात, हात वर उचलला तर गोळा बोटांना लोंबकळतो. हे दिसलं की थांबायचं. अंडं लागत नाही ते याच्यामुळे. ही चिकटी पुरते. याच्याही पुढे मळत राहिलात तर गोळे दाताखाली टणक लागतील. बाक्सोला तसाच टणकपणा हवा असतो, आपल्याला नको.

मग चिरमुऱ्यांचा लगदा, सोया सॉस, कॉर्नफ्लॉवर, आलं, लसूण, मिरपूड आणि पातीचा पांढरा भाग अगदी बारीक चिरून घाला. हिरवा भाग नंतरसाठी ठेवा. पातीऐवजी साधा कांदा घालायचा असेल तर किसून आणि घट्ट पिळून घाला; जाड चिरलेला कांदा पाणी सोडतो आणि गोळा तिथेच फुटतो. आता सगळं फक्त एकत्र होईपर्यंत कालवा आणि भांडं झाकून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

कच्चं चिकन चाखता येत नाही, म्हणून चिमूटभर मिश्रण तव्यावर चपटं करून भाजा आणि खाऊन बघा. मीठ, आलं, तिखट जे कमी वाटेल ते आत्ता घालता येतं. सॉस खारट असणार आहे, तेव्हा नुसत्या गोळ्यात मीठ किंचित कमी वाटलं तर ते बरोबर आहे.

खिमा फ्रीजमध्ये असताना भात गॅसवर चढवा, काकडी-गाजराच्या पातळ चकत्या करा, त्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर आणि दोन चिमूट मीठ घालून बाजूला ठेवा. सॉसचं सामान, आलं-लसूण, चिली फ्लेक्स आणि तीळ वगळून, एका वाटीत गूळ विरघळेपर्यंत ढवळा. गुळात काडीकचरा असेल तर आत्ताच गाळून घ्या. कॉर्नफ्लॉवर गाळल्यानंतर घाला.

वळणं आणि भाजणं

हात पाण्याने ओले करा. तेलाच्या हाताने वळले तर गोळ्याला तडे राहतात. साधारण २५ ग्रॅमचा एक, म्हणजे लिंबापेक्षा थोडा लहान, असे चोवीसेक होतात. दोन्ही तळव्यांत एकदा आपटून आतली हवा काढा आणि मग वळा. अगदी गोल करण्याचा हट्ट धरू नका. वरून अंगठ्याने जरा चपटे केले तर तव्याला जास्त टेकतात आणि लवकर शिजतात. मुलांना हे काम द्यायचं असेल तर कच्च्या चिकनचा हात तोंडाला लावायचा नाही आणि नंतर साबणाने धुवायचा, एवढं बजावून द्या.

जाड बुडाचा पसरट तवा किंवा कढई मध्यम आचेवर तापवा, दोन मोठे चमचे तेल घाला. बारा-बारा गोळ्यांचे दोन घाणे करा. सगळे एकदम कोंबले की तव्याची उष्णता उतरते, खिमा पाणी सोडतो आणि गोळे भाजण्याऐवजी उकडतात. मग तो खमंग तपकिरी रंग काही येत नाही. टाकल्यावर तीन मिनिटं हात लावू नका. गोळा तव्याला चिकटलाय असं वाटलं तर तो अजून तयार नाही. खालची बाजू भाजली की आपणहून सुटतो. उलटा, आणखी दोन-तीन मिनिटं, आणि ताटात काढा. दुसऱ्या घाण्याचंही तसंच.

आता सगळे गोळे परत तव्यात घाला, दोन मोठे चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं वाफवा. स्वयंपाकघरात थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यावर ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. नसेल तर सगळ्यांत मोठा गोळा मधोमध फोडा : आत गुलाबी भाग नको आणि सुटणारं पाणी स्वच्छ असायला हवं.

सॉस

गोळे कडेला सरकवा, मधल्या जागेत चमचाभर तेल, त्यात आलं-लसूण आणि चिली फ्लेक्स अर्धं मिनिट परता. लसूण तांबडा होऊ देऊ नका, कडू होतो. सॉसची वाटी पुन्हा ढवळा, कारण कॉर्नफ्लॉवर तळाला बसलेलं असतं, आणि ओता. तव्याच्या बुडाला जे तपकिरी लागलंय ते कालथ्याने खरवडून सॉसमध्ये घ्या. निम्मी चव तिथेच असते. दोन मिनिटांत बुडबुडे मोठे आणि संथ होतात, सॉस गोळ्यांना धरायला लागतो. कालथ्यावरून बोट फिरवल्यावर रेघ राहिली की गॅस बंद. गार होताना तो आणखी दाटतो, तेव्हा जरा पातळ असतानाच थांबा.

खूप रस्सा हवा म्हणून पाणी वाढवायची इच्छा आपल्याकडच्या प्रत्येकाला होते, माझ्या सासऱ्यांना तर फारच. त्यांच्यासाठी मी सॉस दुप्पट न करता वेगळ्या वाटीत पातीचं साधं सूप देते. गोळे पोहायला लागले की त्यांच्यावर चकाकी राहत नाही.

भाजलेले तीळ आणि पातीचा हिरवा भाग वरून घाला. खोल ताटलीत भात, त्यावर सहा गोळे, चमचाभर सॉस, बाजूला निथळलेली काकडी.

सोमवार, गुरुवार आणि श्रावण

ज्या घरात वार पाळले जातात तिथे हाच बेत सोया वडीवर होतो. दोन वाट्या बारीक सोया वडी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, दोनदा गार पाण्यात धुऊन घट्ट पिळा आणि मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. पिळण्यात आळस केला तर वडीचा उग्र वास राहतो. वडीला मांसासारखी चिकटी येत नाही, म्हणून इथे एक उकडलेला बटाटा आणि कॉर्नफ्लॉवर तीन मोठे चमचे लागतं. चिरमुऱ्यांचा लगदा निम्माच घाला. मीठ घालून मळत बसायची गरज नाही. वडी आधीच शिजलेली असते, त्यामुळे बाहेरून रंग आला की झालं. पनीर आणि किसून पिळलेल्या कोबीचेही छान होतात, मात्र ते नाजूक असतात, सॉसमध्ये शेवटच्या मिनिटाला घाला. घरात दोन्ही प्रकार एकाच दिवशी होणार असतील तर शाकाहारी गोळे आधी आणि वेगळ्या तव्यावर करा.

पुढच्या दिवसाची सोय

रविवारी दुप्पट खिमा मळून ठेवला तर आठवड्यातला एक दिवस सुटतो. कच्चे गोळे एकमेकांना न चिकटतील असे ताटात मांडून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर सोडू नका. लाईट बराच वेळ जाऊन ते मऊ पडले आणि अजून गार असतील तर लगेच शिजवून टाका, परत गोठवू नका.

उरलेल्या भाताकडेही लक्ष असू द्या. शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवणं उरकली की भात पसरट भांड्यात पातळ पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला. दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी शिंपडून वाफ येईपर्यंत गरम करा.

मुलांच्या डब्यात द्यायचे असतील तर रात्रीच चार-पाच गोळे सॉस घालण्याआधी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तव्यावर चांगले कडकडीत गरम करून चमचाभर सॉसमध्ये घोळवा आणि भातापासून वेगळ्या कप्प्यात भरा. एकत्र भरले तर मधल्या सुट्टीपर्यंत भात सगळा सॉस पिऊन टाकतो. पोळीत गुंडाळून काकडीसकट रोल केला तर चमचाही लागत नाही.